क्रॉप केलेला फोटो सेव्ह केल्यावर परत आख्खा दिसतो: फुकटच्या प्रेझेंटेशन सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगून टाकते, सॉफ्टवेअर चांगलं आहे, मी वापरणं बंद करणार नाहीये, पण पाचपैकी तीनच स्टार देतेय आणि त्यातला एक पूर्ण स्टार फक्त क्रॉपसाठी कापलाय. स्लाईडवर फोटो क्रॉप केला, फाईल सेव्ह केली, बंद केली, परत उघडली की तो फोटो एकतर आख्खाच्या आख्खा त्या छोट्या चौकटीत कोंबलेला दिसतो नाहीतर भलताच कोपरा दिसतो. दर वेळी होत नाही आणि खरा त्रास तोच आहे, रोज झालं असतं तर माणूस आधीच सावध राहिला असता.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याची. शेतकरी गट, कृषी केंद्रवाले, कधी पिकाच्या कार्यशाळा, यांच्यासाठी स्लाईडा बनवून द्यायचं काम करते, नव्वद टक्के काम केळीचंच, कारण रावेर यावल चोपडा हा पट्टाच केळीचा. सॉफ्टवेअर म्हणजे ते फुकट मिळणारं ओपन सोर्स ऑफिस पॅकेज, त्यातला प्रेझेंटेशनचा भाग. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली की हा गोंधळ कमीजास्त बऱ्याच ठिकाणी होतो आणि मला कोणाची बदनामी करायची नाही, दुरुस्ती हवीय.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. माझा लॅपटॉप जुना आहे, रॅम कमी, तरी पन्नास साठ स्लाईडची फाईल न अडखळता चालते. लायसनचे पैसे नाहीत, दरवर्षी रिन्यूची कटकट नाही, नेट नसलं तरी काम अडत नाही, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो तर ऑटो रिकव्हरीने मला कितीदा वाचवलंय. मराठी युनिकोड व्यवस्थित टाईप होतं, जोडाक्षरं तुटत नाहीत. इथले बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात काम करतात, ते मॅटर तसंच पेस्ट केलं की अक्षरांचा खिचडा होतो, पण तो दोष याचा नाही, ते आधी युनिकोडला कन्व्हर्ट करून घ्यावंच लागतं. मेनू सुद्धा मराठीत करता येतो, मी करत नाही, सवय नाही, पण माझ्या भाचीने केलाय आणि तिला आवडतो. फॉन्टचं एक सांभाळावं लागतं, तुम्ही मंगल मधे केलं आणि समोरच्याकडे तो नसला तर ओळी खाली सरकतात, त्याला सेटिंगमधे फॉन्ट फाईलमधेच एम्बेड करायची सोय आहे, ती वापरा.

आता क्रॉप. केळीच्या कामात क्रॉपशिवाय एक स्लाईड होत नाही हे आधी समजून घ्या. शेतकरी फोटो काढतो तो पूर्ण झाडाचा, त्यात आभाळ, शेजारची ठिबकची नळी, स्वतःची सावली, सगळं येतं. मला त्यातून हवा असतो पानाचा वीतभर तुकडा. करपा, म्हणजे सिगाटोका, सुरुवातीला पानावर बारीक पिवळसर रेघांसारखा दिसतो, त्या रेघा पानाच्या आडव्या शिरांना समांतर असतात, पुढे त्या लांबट तपकिरी ठिपके होतात, मधे राखाडी आणि कडेला पिवळं वलय. शेतकऱ्याला ओळखायला शिकवायचं ते हेच, की रेघ लांबट आहे आणि शिरेच्या दिशेने आहे. हरण्या, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), तो व्हायरस आहे, त्यात पानावर शिरांच्या मधे पिवळे पट्टे येतात. करप्याला रोगट पान काढून फवारणी घेऊन बाग वाचते, हरण्याला औषध नाही, झाड उपटून नष्ट करावं लागतं आणि मावा ही कीड आवरावी लागते कारण तीच व्हायरस पसरवते. म्हणजे फोटोत काय दिसतंय यावर झाड ठेवायचं की उपटायचं हे ठरतं.

मी दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले होते, डावीकडे करपा, उजवीकडे हरण्या, दोन्ही उभ्या अरुंद चौकटीत क्रॉप करून, मधोमध एकच रेघ ठळक दिसेल असे. सेव्ह करून पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉईंटच्या फॉरमॅटची फाईल केली, पेनड्राईव्हवर टाकली, गावातल्या सभामंडपात तिथल्या लॅपटॉपवर उघडली तर क्रॉप गायब. पूर्ण आडवा फोटो त्या उभ्या चौकटीत दाबून बसलेला. झाड काठीसारखं, पान सुतळीसारखं, आणि जी आडवी लांबट रेघ दाखवायची होती ती दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन गोल टिपका झालेली. उजवीकडच्या हरण्याचे पट्टे पण तसेच आखूड तुकडे झालेले. पुढच्याच रांगेतल्या एका आप्पांनी विचारलं, ताई, हाई करपा शे का हरण्या? आणि त्या स्लाईडवर खरंच कोणालाही सांगता आलं नसतं. मग मोबाईलमधले मूळ फोटो मी हातोहात फिरवले, लोकांनी समजून घेतलं, पण स्लाईड कशासाठी असते मग. मागे बसलेल्यांना काय दिसलं असेल? तेच तर सगळ्यात जास्त लागलं मला.

घरी येऊन मी फाईल खोलून बघितली, आणि हे तुम्हीही करू शकता, काही अवघड नाही. पीपीटीएक्स फाईल म्हणजे आतून झिप फाईल असते. तिची एक कॉपी करा, शेवटचं पीपीटीएक्स काढून झिप लिहा आणि उघडा. आत पीपीटी नावाचं फोल्डर, त्यात मीडिया नावाचं फोल्डर, आणि त्यात तुमचे सगळे फोटो एकेक करून पडलेले असतात. उघडून बघा, ते क्रॉप केलेले नसतात, पूर्ण असतात! हा बग नाही, हे असंच ठरवलेलं आहे. स्लाईडवरचं क्रॉप म्हणजे फोटो कापणं नाहीच, ते खिडकीचं अर्धं दार लोटण्यासारखं आहे, दाराआडचं अंगण आहे तिथेच असतं. म्हणूनच तर उद्या तुम्हाला वाटलं की कडेचा भाग परत हवा तर क्रॉप ओढून तो आणता येतो. आणि एकच फोटो पाच स्लाईडवर वेगवेगळा क्रॉप केला तरी आत त्याची एकच कॉपी ठेवता येते, फाईल फुगत नाही. कल्पना चांगली आहे, माझं तिच्याशी भांडण नाही.

भांडण पुढच्या पायरीशी आहे. कुठला भाग दाखवायचा हे स्लाईडच्या एक्सएमएलमधे, म्हणजे स्लाईडची मांडणी लिहून ठेवलेल्या आतल्या फाईलीत, आकड्यांत लिहिलेलं असतं. पीपीटीएक्समधे ते टक्क्यांत असतं, म्हणजे डावीकडून २५ टक्के झाकायचं तर तिथे २५००० असा आकडा दिसतो, टक्क्याचा हजारावा भाग हे माप. या सॉफ्टवेअरचा स्वतःचा फॉरमॅट म्हणजे ओडीपी, त्यात तीच गोष्ट टक्क्यांत नाही तर लांबीत लिहितात, वरून इतके सेंटीमीटर, उजवीकडून इतके, खालून, डावीकडून. आता तुम्हीच विचार करा, लांबीत लिहायचं तर मूळ फोटो किती सेंटीमीटरचा आहे हे आधी ठरलं पाहिजे, आणि मोबाईलच्या फोटोला सेंटीमीटर नसतात, पिक्सेल असतात. मोबाईलचा साधा बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद. तो ७२ डीपीआयचा, म्हणजे एका इंचात ७२ पिक्सेल असा धरला तर १४१ सेंटीमीटर रुंद होतो, ३०० चा धरला तर जेमतेम ३४. पहिल्या हिशोबाने डावीकडचे २५ टक्के म्हणजे ३५ सेंटीमीटर. सेव्ह करताना एक हिशोब धरला आणि उघडताना दुसरा, तर ३४ सेंटीमीटरच्या फोटोतून ३५ सेंटीमीटर झाकायचे होतात, म्हणजे दाखवायला काही उरतच नाही, आणि मग सॉफ्टवेअर तो आकडाच सोडून देतं आणि पूर्ण फोटो चौकटीत ताणून बसवतं. माझ्या फाईलीत नेमकं तसंच दिसलं, ज्या फोटोंच्या आत डीपीआयची माहिती वेगळी होती तेच बिघडले होते, व्हॉट्सॲपवरून साधे आलेले बरेचसे नीट होते.

दुसरी जागा म्हणजे गोलात किंवा इतर आकारात बसवलेले फोटो. मेळाव्याच्या स्लाईडवर पाहुण्यांचे चेहरे गोलात लावायची हौस सगळ्यांना असते, तिथे तर जास्तच होतं. कारण तो फोटो कधी फोटो म्हणून लिहिला जातो, कधी गोल आकारात भरलेला रंग असावा तसा लिहिला जातो, आणि या दुसऱ्या प्रकारात दोन आकडे असतात, एक फोटोतला कुठला भाग घ्यायचा आणि दुसरा तो आकाराच्या कुठपासून कुठपर्यंत पसरायचा, हा दुसरा उणे सुद्धा असू शकतो. उघडणाऱ्याने एक वाचला आणि दुसरा सोडला की पाहुण्यांचा चेहरा लांबोडका होतो. गटाच्या अध्यक्षांचा तसा झालेला फोटो लावून कोणी कार्यक्रम करेल का? त्यांच्या घरच्यांसमोर?

बरं फोटो वाकडा दिसणं हे एक, पण यापेक्षा गंभीर गोष्ट दुसरी आहे आणि हा रिव्ह्यू खरं तर त्यासाठी लिहायला घेतलाय. माती परीक्षणाच्या स्लाईडसाठी मी एका शेतकरी काकांच्या अहवालाचा फोटो घेतला होता, त्यांना विचारून, आणि त्यांनी एकाच अटीवर दिला की नाव गाव दिसायला नको. मला त्यातला फक्त नत्र स्फुरद पालाश आणि सामूचा तक्ता हवा होता, तेवढाच क्रॉप करून ठेवला. फाईल गटाच्या व्हॉट्सॲपवर गेली, सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर वेगवेगळ्या ॲपमधे उघडली, आणि काहींच्या मोबाईलवर क्रॉप उडालं. पूर्ण अहवाल, वर नाव, जमिनीचा गट नंबर, मोबाईल नंबर, सगळं. काकांचा फोन आला, रागाने नाही, हळूच विचारलं, ताई, मना नंबर आठे कसा काय उना? म्हणजे माझा नंबर इथे कसा काय आला. मी लगेच फाईल सगळ्यांसाठी डिलीट करायला लावली, अहवालाचा फोटो खराखुरा कापून नवीन फाईल पाठवली, त्यांना घरी जाऊन सांगून आले. त्यांनी मनात ठेवलं नाही. पण ज्या माणसाने विश्वासाने कागद दिला त्याचा नंबर शंभर मोबाईलवर जावा हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मेनूत साधं क्रॉप म्हणून लिहिलेल्या बटनामुळे व्हायला नको. त्या बटनावर दोन शब्द वाढवा, झाकलेला भाग फाईलमधेच राहील, एवढंच. माणूस सावध होईल.

आणि हे काही फक्त फुकटच्या सॉफ्टवेअरचं नाही हां. २०२३ च्या मार्चमधे गूगलच्या पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट एडिटरमधला एक बग जगासमोर आला, ॲक्रोपॅलिप्स म्हणून गाजला तो. तिथे क्रॉप केलेला छोटा फोटो जुन्या मोठ्या फाईलवरच लिहिला जायचा आणि जुन्या फाईलचं शेपूट कापलंच जायचं नाही, त्या शेपटातून झाकलेल्या फोटोचा काही भाग परत काढता यायचा. काही दिवसात विंडोजच्या स्निपिंग टूलमधेही तसाच प्रकार सापडला. दोन्हीकडे अपडेट आले, पण आधीच पाठवलेल्या फोटोंना अपडेट काही करू शकत नाही. ते प्रकरण आतून वेगळं आहे, तिथे कापायचंच ठरलं होतं आणि नीट कापलं गेलं नाही, स्लाईडमधे मुळात कापायचंच नसतं. वापरणाऱ्याला मात्र दोन्हीकडे स्क्रीनवर सारखंच दिसतं, नको तो भाग गेला.

मग करायचं काय. मी आता ज्या फोटोत माणसाचा चेहरा, सातबारा, अहवाल, पावती, नंबर असलं काही आहे तो स्लाईडमधे आणायच्या आधीच मोबाईलमधे किंवा साध्या फोटो एडिटरमधे कापते आणि नवीन नावाने सेव्ह करून तोच आणते, मूळ फोटो स्लाईडच्या जवळ सुद्धा येऊ देत नाही. पानांच्या फोटोंना एवढं करायची गरज नाही, त्यांना स्लाईडमधेच क्रॉप करते आणि काम संपल्यावर टूल्स मेनूतल्या मिनिमाईझ प्रेझेंटेशनमधे जाते, तिथे क्रॉप केलेला भाग डिलीट करायचा ऑप्शन आहे, तो टिक करायचा. यानंतर फोटो खरोखर कापला जातो, त्यामुळे क्रॉपचे आकडेच उरत नाहीत आणि बिघडायलाही काही उरत नाही. पॉवरपॉईंट वापरत असाल तर तिथेही कॉम्प्रेस पिक्चर्समधे डिलीट क्रॉप्ड एरियाज असा टिक आहे, फक्त त्याच्या वरचा अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर हा टिक काढायला विसरू नका, नाहीतर एकच फोटो कापला जाईल आणि बाकीचे तसेच. रिझोल्यूशन १५० ठेवलं तर प्रोजेक्टरला भरपूर होतं, पण रोगाचे बारीक ठिपके असतील तर मी २२० च्या खाली जात नाही. एवढं झालं की मीडिया फोल्डर उघडून एकदा डोळ्याने बघायचं, फोटो खरंच छोटा झालाय का ते.

काही जण म्हणतात पीडीएफ करून पाठव, विषय संपला. पीडीएफने फोटो दाबला जाण्याचा त्रास बराच टळतो हे खरं, मेळाव्याला मी पेनड्राईव्हवर पीडीएफ पण ठेवतेच आता, ऐनवेळी कामाला येते. पण पीडीएफ केली म्हणजे झाकलेला भाग गेलाच असं धरून चालू नका, आधी कापा आणि मग पीडीएफ करा. आणि शेतकऱ्यांना एक सांगत चला, रोगाचा फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं, मग क्रॉप करून मोठा केल्यावर त्या पिवळ्या रेघा नुसत्या धूसर होतात.

ज्या वेळी पीपीटीएक्सच द्यावी लागते, कारण समोरच्याला त्यात बदल करायचा असतो, तेव्हा काम मात्र ओडीपीमधेच ठेवा आणि शेवटी एकदाच पीपीटीएक्समधे सेव्ह ॲज करा. मी बघितलंय की तीच पीपीटीएक्स उघड, बदल, सेव्ह, परत उघड, असं चाललं की प्रत्येक फेरीत हिशोब परत मांडला जातो आणि क्रॉप हळूहळू सरकत जातं, पहिल्या फेरीत केसभर, मग बोटभर. ही फेरी जितकी कमी तितकं बरं.

सपोर्टबद्दल पण लिहायला हवं. कस्टमर केअर नावाचा नंबर इथे नाही, बग त्यांच्या उघड्या यादीत स्वतः लिहावा लागतो, इंग्रजीत. मी लिहिला. नुसतं फोटो बिघडतो असं लिहून कोणी काही करू शकत नाही, त्यांना छोटी फाईल लागते, एक दोन स्लाईडची, कुठलं व्हर्जन, कुठली विंडोज, काय केल्यावर काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, आणि जमलं तर जुन्या कुठल्या व्हर्जनमधे हे नीट चालत होतं ते. फाईल सगळ्या जगाला दिसते म्हणून मी त्यात शेतकऱ्याचा फोटो न टाकता आमच्या परसातल्या केळीच्या पानाचाच फोटो टाकला. कोणीतरी आपल्या मशीनवर करून बघितलं, बग कन्फर्म केला, अजून एक दोन प्रश्न विचारले. दुरुस्ती अजून यायचीय. पैसे न घेता काम करणारे लोक आहेत, तरी त्यांनी माझं म्हणणं उडवून लावलं नाही, नीट विचारलं, याचं मला खरंच कौतुक आहे. विकत घेतलेल्या बऱ्याच गोष्टींच्या तक्रारीला एवढं उत्तर मिळत नाही.

गटाच्या फाईलीची पहिली स्लाईड नेहमी जळगावच्या केळीच्या जीआय मानांकनाची असते, २०१६ साली मिळालंय ते, आणि त्यावर केळीच्या घडाचा गोलात क्रॉप केलेला फोटो आहे. नवीन व्हर्जन आलं की मी सगळ्यात आधी तीच फाईल उघडते, सेव्ह करते, परत उघडते. घड गोलाच्या मधोमध आणि फण्या सारख्या दिसल्या तर चौथा स्टार इथेच येऊन वाढवीन. तोपर्यंत कोणी धुळे नंदुरबारकडे हेच सॉफ्टवेअर वापरत असेल आणि गोलातले फोटो तुमच्याकडे नीट राहत असतील तर व्हर्जन नंबर आणि फाईल आधी कुठल्या सॉफ्टवेअरमधे बनवली होती तेवढं जरूर कळवा, बगच्या नोंदीत ते जोडता येईल.